मुगाची पिशवी आणि पॉइंट टू-टू

माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्सरे उजेडात धरून हाडांचा डॉक्टर म्हणाला, "ऑपरेशनची घाई नको, पण काहीतरी ॲक्टिव्हिटी चालू ठेवा." मला रिटायर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात मी आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं. त्या कामात आपण बसलेलो असतो, समोरचा झोपलेला असतो, आणि दोघांपैकी कुणीही अचानक हालचाल केली तर ती वाईट बातमी असते. अशा नोकरीतून बाहेर पडलेल्या बाईला ॲक्टिव्हिटी कुठून सुचणार?

तरी मी प्रयत्न केले. इथल्या मराठी मंडळाच्या झुंबा क्लासला गेले. पुढच्या रांगेतल्या सॉफ्टवेअरवाल्या मुली उजवीकडे वळल्या की मी डावीकडे वळायचे, आणि दर वळणाला कुणाची तरी माझ्याशी समोरासमोर गाठ पडायची. वॉकिंग ग्रुपला गेले. तिथे कुणाच्या मुलाला कुठल्या ग्रामर स्कूलला ॲडमिशन मिळाली हे ऐकत चढ चढावा लागायचा, आणि गुडघ्याला यातलं नेमकं काय सहन होत नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता. पॉटरीच्या क्लासमध्ये केलेली वाटी घरी आणली तेव्हा नवऱ्याने ती बराच वेळ हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, "ही पडली होती का?"

मग एकदा लायब्ररीत पुस्तकं परत करताना नोटीस बोर्डावरचा एक कागद दिसला. रायफल क्लब. नवशिक्यांचं स्वागत. सर्व वयोगट. आणि खाली, जाड अक्षरात: बसून.

त्या शेवटच्या शब्दावर मी भाळले.

गावाबाहेर एका जुन्या दगडखाणीत क्लबची जागा होती. पत्र्याची लांबट शेड, ओळीने मांडलेली जड टेबलं, कोपऱ्यात चहाचं मोठं पिंप, आणि बाहेर एक प्लास्टिकचं टॉयलेट, ज्याच्याविषयी इथे न बोललेलंच बरं. पंधरावीस माणसं होती. त्यांची वयं पाहून मला सोमवारच्या हिप रिप्लेसमेंटच्या लिस्टची आठवण झाली. क्लबची सेक्रेटरी रिटायर्ड हेडमिस्ट्रेस होती. माझ्याएवढीच बुटकी, पण तिने नुसतं "राइट" म्हटलं की शेडमधले सगळे पुरुष हातातला बिस्किटाचा तुकडा खाली ठेवत.

तिने मला खेळ समजावून सांगितला. याला बेंचरेस्ट म्हणतात. रायफल लहान, पॉइंट टू-टू बोअरची. तिची गोळी करंगळीच्या नखाएवढी. रायफल हातात पेलायची नसते. तिचा पुढचा भाग टेबलावरच्या स्टँडवर ठेवायचा, मागचा दस्ता एका भरीव पिशवीवर ठेवायचा, आणि आपण खुर्चीवर बसायचं. समोर पन्नास मीटरवर कागदाचं कार्ड. त्यावर पंचवीस छोटी वर्तुळं. प्रत्येकात एकच गोळी.

"मग मी काय करायचं?" मी विचारलं.

"शक्य तितकं कमी," ती म्हणाली.

मला वाटलं, या खेळाचं शिक्षण तर आपण पगार घेऊन केलेलं आहे.

त्या दिवशीच्या माझ्या कार्डावर बहुतेक भोकं वर्तुळांच्या मधल्या रिकाम्या जागेत होती. रायफलवरच्या दुर्बिणीतून पाहिलं की काहीही न करणं किती अवघड आहे ते कळतं. मी श्वास घेतला की दुर्बिणीतली नेम धरायची फुली वर जायची, सोडला की खाली. श्वास रोखला तर नाडीबरोबर उड्या मारायची. इतकी वर्षं दुसऱ्यांची हृदयं मॉनिटरवर पाहिली, पण माझं स्वतःचं इतकं आडदांड असेल अशी कल्पना नव्हती. चाप ओढताना मी दर वेळी डोळे मिटत होते, हे सेक्रेटरीने अत्यंत सभ्यपणे माझ्या कानावर घातलं. "पुष्कळ लोक मिटतात," ती म्हणाली. "पण सहसा दोन्ही नाही."

मी तिथल्या तिथे मेंबर व्हायचं ठरवलं. घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, "छान. पण हा महागडा छंद आहे. आपण बजेटमध्ये करू."

त्यातला 'आपण' मला तेव्हाच खटकायला हवा होता.

आमचे हे एअरोस्पेसमध्ये इंजिनियर. विमानाच्या पंखात एक ठरावीक तुकडा असतो, तो त्यांच्या कंपनीने केलेला. मूळचे पुण्याचे, त्यामुळे एखादी वस्तू दुकानात मिळते हे कळताच ती घरी कशी करता येईल याचा विचार त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. सेक्रेटरीने मला पहिल्याच आठवड्यात बजेटचा खरा मंत्र दिला होता: "काही विकत घेऊ नकोस. वर्षभर क्लबची रायफल वापर, क्लबचा स्टँड वापर, आमचा चहा पी." मी तेच केलं. सबंध हिवाळा क्लबच्या जुन्या रायफलीवर काढला. बोटं गोठत होती, पण एक डोळा उघडा ठेवायला शिकले. कार्डावरची भोकं हळूहळू वर्तुळात यायला लागली. घरी मात्र गॅरेजमधून करवतीचा आवाज येऊ लागला होता.

क्लबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे. घरं विकण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले. मी मनात त्यांना पेटीवाले म्हणायचे, कारण त्यांचं सगळं सामान ॲल्युमिनियमच्या चकचकीत पेट्यांतून यायचं. स्टँडची एक पेटी, दुर्बिणीची एक, काडतुसांची एक, आणि एक पेटी नुसत्या त्या पेट्या पुसायच्या फडक्यांची. त्यांचा स्टँड घड्याळासारखा अचूक होता. एक गोळी झाडण्याआधी ते पाच स्क्रू फिरवायचे. मग कार्ड आणून बघायचे आणि कारण सांगायचे. वारा. ऊन. ऊन नसणं. काडतुसांचा नवा लॉट. एकदा शेजारच्या शेतातल्या मेंढ्या. माणूस मनाने अतिशय चांगला. माझ्या प्रत्येक वाईट कार्डावर ते स्वतःहून मलासुद्धा एखादं कारण देऊ करायचे.

वसंतात मी परवान्यासाठी पोलिसांकडे अर्ज केला. स्वतःची रायफल घ्यायची तर या देशात परवाना लागतो, आणि लागावाच. पण गंमत अशी की मला आयुष्यभर निरोगी माणसांना औषधाने बेशुद्ध करून त्यांचा श्वास यंत्रावर चालवण्याची मुभा होती, आणि त्यासाठी माझ्या घरी सलोखा आहे का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आता कागदाला भोक पाडायचं तर माझ्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, माझ्या मनःस्थितीचा दाखला द्यायचा होता. जीपी हा पोरगेलासा डॉक्टर. ट्रेनिंगच्या काळात माझ्या हाताखाली सहा महिने होता आणि मला विचारल्याशिवाय सुईसुद्धा उचलत नसे. त्याने स्क्रीनकडे बघत विचारलं, "हल्ली कधी राग अनावर होतो का?"

"तू दाखला द्यायला किती दिवस लावतोस त्यावर आहे," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

ओळख देणाऱ्या दोन व्यक्ती हव्या होत्या. एक म्हणून मी लंडनमधल्या स्टॅनमोरच्या माझ्या मैत्रिणीचं नाव दिलं. आम्ही दोघी एकाच बॅचच्या, एकाच वर्षी इथे आलेल्या. फोनवर ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, घरी सगळं ठीक आहे ना? तुला काही दिवस इकडे येऊन राहायचंय का?" मी म्हटलं, हा खेळ आहे. ती म्हणाली, "हो हो, खेळच." त्या रविवारी तिच्याजवळच पिनरला कुणाकडे तरी सत्यनारायण होता. सोमवारी मला लंडनहून लागोपाठ फोन आले. सगळ्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग यांच्या.

मे महिन्यात सासूबाई नागपूरहून आल्या. माहेर त्यांचं नागपूरचं, आणि सासरे गेल्यावर त्या पुण्याचं घर माझ्या मोठ्या दिरांवर सोपवून परत आपल्या भावाशेजारी राहायला गेल्या. ऐंशी ओलांडलेल्या, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, आणि शाळेत इंग्रजी शिकवलेलं असल्यामुळे व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. एरवी मी नवऱ्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. आई आल्या की पहिल्या दिवसापासून अहो. नवऱ्याला ते इतकं आवडतं की तो त्या सहा महिन्यांत उगाचच माझ्यासमोर येऊन काही काही विचारत राहतो.

जूनमध्ये पोलिसांचा माणूस घर बघायला आला. गणवेश नव्हता. साधं जॅकेट घातलेला, थकलेल्या चेहऱ्याचा, हातात टॅब्लेट. जिन्याखालच्या कपाटात गणपतीच्या मखराचे खोके असत. ते लॉफ्टवर टाकून तिथे आम्ही लोखंडी कॅबिनेट भिंतीला बोल्ट करून बसवलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही. नवरा मागे उभा राहून बोल्ट कुठल्या ग्रेडचे आहेत ते सांगत होता. ते त्याने विचारलं नव्हतं.

मग आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. आईंनी त्याच्यापुढे पोहे ठेवले. तो म्हणाला, ड्यूटीवर असताना नुसता चहा चालेल. आई म्हणाल्या, "ईट." तो खाऊ लागला.

"कॅबिनेटची किल्ली फक्त परवानाधारकाकडे असायला हवी," तो मला म्हणाला. "घरात दुसऱ्या कुणालाही ती कुठे आहे हे माहीत असता कामा नये. तुमच्या मिस्टरांना सापडणार नाही अशी जागा आहे?"

"त्यांना या घरात मीठ कुठे असतं तेही अजून माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे मान डोलावली. "वरच्या कपाटात असेल," तो म्हणाला. मीठ तिथे नव्हतं. अधिकाऱ्याचं समाधान झालेलं दिसलं.

मग त्याने आईंना विचारलं, घरात बंदूक येणार याबद्दल त्यांना काय वाटतं. आईंनी पदर सावरला. "आय ॲम नॉट हॅपी विथ द डिशवॉशर," त्या म्हणाल्या. "द गन आय हॅव नॉट यट सीन."

"घरात वादावादी वगैरे होते का?"

"डेली."

मी कप खाली ठेवला. त्याचं बोट टॅब्लेटवर थांबलं. "कशावरून, मॅडम?"

"हीटिंग," आई म्हणाल्या. "मी लावते. ती बंद करते. जून महिना आहे म्हणते. मी विचारते, कुठे आहे जून?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि शेजारचा माणूस कोट घालून कचऱ्याचा बिन बाहेर आणत होता. "खरं आहे," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्या क्षणी मला परवाना मिळाला. प्रत्यक्ष कागद यायला महिना गेला. जाताना आईंनी त्याला चिवड्याची पुडी दिली. शासकीय अधिकाऱ्याला भेटवस्तू देता येत नाही, असं मी मराठीत म्हणाले. त्या म्हणाल्या, "भेटवस्तू कसली? चिवडा आहे." तो नको नको म्हणत दारापर्यंत गेला. शेवटी पुडी आमच्याकडेच राहिली आणि आई दिवसभर नाराज.

रायफल मला सेक्रेटरीनेच विकली. तिने नवी घेतली होती. जुनी तिच्या कॅबिनेटमध्ये पडून होती, कारण तिचा दस्ता तिने स्वतःच्या मापाने आखूड करून घेतला होता आणि क्लबमधल्या कुठल्याही पुरुषाच्या खांद्याला ती लागत नव्हती. लाकूड ठिकठिकाणी उडालेलं, नळी मात्र उत्तम. पेटीवाल्यांच्या एका दुर्बिणीच्या पैशांत अशा चार आल्या असत्या. मी ती खांद्याला लावून पाहिली आणि दोघी बुटक्या एकमेकींकडे बघून हसलो.

आता नवऱ्याचा मुहूर्त आला. गॅरेजमधून त्याने एक वस्तू आणून टेबलावर ठेवली. गाडीचं चाक बदलायला जो जॅक असतो, त्यावर त्याने लाकडी खाचा बसवल्या होत्या, खाली स्टीलचा पाया, बाजूला तीन स्क्रू. हा माझा स्टँड. त्याची कॉम्प्युटरवर काढलेली ड्रॉइंग्ज होती, त्यांची तिसरी आवृत्ती. एवढ्या करवती, ड्रिल आणि स्टीलच्या पैशांत दुकानातला बरा स्टँड आला असता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि दोघांपैकी कुणीही ते उच्चारलं नाही. जॅक फिरवताना कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज करायचा. पहिल्या दिवशी शेडमधले सगळे वळून बघत राहिले. पेटीवाले मात्र आदराने जवळ आले, वाकून पाहिलं आणि विचारलं, "जर्मन?"

राहिली मागची पिशवी. लोक तिच्यात वाळू भरतात. वाळू गाडीत सांडेल म्हणून मी नको म्हटलं. तांदूळ भरू, असं नवरा म्हणाला. आई म्हणाल्या, तांदळाला पोरकिडे होतात, मूग भरा. त्यांनी आमच्या मुलाच्या जुन्या जीन्सच्या पायाची मजबूत पिशवी शिवली, वर सशासारखे दोन कान काढले, दस्ता मधोमध बसावा म्हणून. भरली अख्ख्या हिरव्या मुगाने. खरं सांगते, पिशवी अप्रतिम झाली होती. हाताने दाबली की मूग सरकून हवा तसा आकार घ्यायचे आणि तिथेच राहायचे.

ऑगस्टमध्ये क्लबची स्पर्धा होती. तिच्या आधीच्या शनिवारी मी सरावाला गेले आणि शेडच्या गळक्या कोपऱ्यातलं टेबल वाट्याला आलं. पाऊस धो धो. निघताना रायफल पुसून कव्हरमध्ये घातली, नियमाप्रमाणे घरी आणून कॅबिनेटमध्ये कुलूपबंद केली. भिजलेली पिशवी गाडीच्या डिकीतच राहिली. मग अचानक ऊन पडलं. ब्रिस्टलमध्ये आठवडाभर इतका उकाडा झाला की माणसं कामावरून लवकर घरी जाऊ लागली.

स्पर्धेच्या सकाळी डिकी उघडली तर आतून ओल्या गोणपाटासारखा वास आला. पिशवी चांगली टरटरून फुगली होती. मला वाटलं, दमटपणा. वेळ कमी होता. मी ती उचलून टेबलावर ठेवली, वर रायफल बसवली, जॅक किंचाळवला आणि सुरुवात केली.

पहिल्या दोन ओळी मी आयुष्यात पहिल्यांदाच धडपणे मारल्या. फुली मधोमध, श्वास शांत, डोळा उघडा. तिसऱ्या ओळीत मला वाटलं, फुली आपोआप वर चढतेय. मी जॅक खाली घेतला. ती पुन्हा चढली. मी पुन्हा घेतला. म्हणजे मागचा दस्ता खाली खाली जात होता. दुर्बिणीतून नजर न काढता मी डाव्या हाताने पिशवी चाचपली, तर बोटांना काहीतरी ओलं, मऊ आणि शेपटीवालं लागलं.

पेटीवाले शेजारून म्हणाले, "माफ करा हं, पण तुमची पिशवी उगवतेय."

शिवण उसवली होती आणि फटीतून मुगाचे लांबच लांब मोड टेबलावर येत होते. मी ते ढकलून आत घालायला गेले, तर उरलेली शिवणही गेली आणि अर्धा किलो उसळ माझ्या मांडीवर आली. नियमाप्रमाणे वेळ कुणासाठी थांबत नाही. उरलेल्या गोळ्या मी अंगातलं कार्डिगन गुंडाळून त्यावर मारल्या. एक गोळी शेजारच्या कार्डावर गेली. त्यामुळे पेटीवाल्यांच्या एका वर्तुळात दोन भोकं झाली आणि नियमाचं पुस्तक काढावं लागलं. मी शेवटून पहिली आले. शेवटून दुसरे पेटीवाले. त्या दिवशी प्रथमच त्यांच्याकडे खरं कारण होतं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "वारा."

घरी आईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि ते मोड?"

"टाकून दिले, आई."

"सगळे?" त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बेताचंच बोलल्या. पुढच्या शनिवारी सेक्रेटरीने मला स्वतःची एक जुनी पिशवी देऊन टाकली, प्लास्टिकचे मणी भरलेली. त्यांना मोड येत नाहीत, असं तिने मुद्दाम सांगितलं.

सप्टेंबरात क्लबचा पाहुण्यांचा दिवस होता. आईंना मी सहज विचारलं, येता का. मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. त्या नऊवारीएवढं लांब कार्डिगन, सुती साडी आणि नवऱ्याचे ट्रेनर्स घालून तयार होऊन बसल्या.

पाहुण्यांना टेबलावर एका कागदावर सही करावी लागते, कारण तुरुंगात राहून आलेल्याला इथे बंदूक हातात घेता येत नाही. सेक्रेटरीने चष्मा वर करून नेहमीच्या हेडमिस्ट्रेसच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कधी तुरुंगवास झालाय का?"

"मला नाही," आई म्हणाल्या. "माझ्या वडिलांना झाला होता. सत्याग्रह केला म्हणून. तुमच्याच लोकांनी टाकलं होतं."

शेडमधल्या सगळ्यांनी बिस्किटं खाली ठेवली. सेक्रेटरीचा चेहरा लाल झाला. "ओह," ती म्हणाली. "आय ॲम सो सॉरी."

"तुमचा काय दोष?" आई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही जन्मलाही नसाल. सही कुठे करू?"

सेक्रेटरीने स्वतः त्यांना हाताला धरून टेबलाशी नेलं, खुर्चीवर उशी ठेवली, कानांवर ते मोठे आवाजरोधक चढवले. माझीच रायफल, यांचाच जॅक. मी बाजूला उभी राहिले. नवराही आला होता. जॅक नीट चाललाय ना, तेवढंच तो बघत होता.

आईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काही केलं नाही. मग कानावरचं उचलून मला म्हणाल्या, "अगं, हे गोल हलतंय."

"गोल नाही हलत, आई. तुमचा हात लागतोय ना रायफलला, म्हणून."

"मग हात लावायचाच कशाला?"

मी काहीतरी सांगणार होते. पकड, खांदा, गालाचा दाब, माझ्याजवळ वर्षभराचं ज्ञान साठलं होतं. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात रायफलवरून काढून मांडीवर ठेवले, एक बोट तेवढं पुढे केलं आणि चापाला टेकवलं, देवाच्या मूर्तीला कुंकू लावावं तसं. आवाज झाला. त्यांनी पापणीही हलवली नाही. सेक्रेटरीने पुढचं काडतूस भरलं. पुन्हा तेच. अशा पाच गोळ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "पुरे. उगाच कागद खराब कशाला करायचा?"

पेटीवाल्यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणीतून त्यांचं कार्ड पाहिलं. मग डोळा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पाचही भोकं आपापल्या वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध होती. माझ्या वर्षभरातल्या एकाही कार्डावर असे सलग पाच नव्हते. त्यांच्याही नव्हते.

पेटीवाल्यांनी शेडबाहेर झाडांकडे नजर टाकली. "हां," ते म्हणाले. "वारा पडला होता."

सेक्रेटरीने आईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, तुम्ही आधी कधी नेमबाजी केलीय का. आई म्हणाल्या, नाही, पण शाळेत साठ पोरांच्या वर्गावर खडू फेकलाय. हे ऐकून ती हेडमिस्ट्रेस इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. त्या दोघी मग चहाचे कप घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि आजकालच्या मुलांच्या अक्षराविषयी तासभर बोलल्या. मला दोनदा बिस्किटं आणायला पाठवलं.

घरी परतताना गाडीत मी विचारलं, "कसं वाटलं, आई?"

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढ्यासाठी तू पोलिसाला घरात घेतलंस?"

ऑक्टोबरात त्या परत गेल्या. ते कार्ड त्यांनी पुठ्ठ्यात घालून बॅगेत सपाट ठेवलं. एअरपोर्टवर सुरक्षेच्या माणसाने बॅग उघडली, भोकं पडलेला कागद उजेडात धरला आणि हे काय म्हणून विचारलं. मी घाईघाईने पुढे होत होते, पण आईंनी मला हातानेच थांबवलं. "माय मार्कशीट," त्या म्हणाल्या. त्याने ती परत पुठ्ठ्यात नीट ठेवून दिली.

आता हिवाळ्याची लीग चालू आहे. मी सगळ्यांत खालच्या डिव्हिजनमध्ये आहे आणि तिथेही माझ्या खाली फारशी माणसं नाहीत. शनिवारी सकाळी शेडमध्ये आम्ही तिघंचौघंच असतो. हातमोज्यांच्या बोटांची टोकं कापून मी बसते, जॅक एकदा ओरडून गप्प होतो, आणि मग जो तो आपापल्या दुर्बिणीला डोळा लावतो. मंडळातल्या बायका अजून विचारतात, गुडघा कसा आहे. गुडघा होता तसाच आहे. पण गेल्या शनिवारी एका ओळीतल्या पाच गोळ्यांपैकी चार मधोमध बसल्या. पाचवी कुठे गेली ते बघायला मी कार्ड उजेडात धरून उभी होते, तर पेटीवाले शेजारी येऊन थांबले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला कुठलंही कारण देऊ केलं नाही.

"चार म्हणजे चांगल्या आहेत," ते म्हणाले, आणि आपल्या पेटीतून एक कोरं फडकं काढून मला नळी पुसायला दिलं.